इओसिनोफिल वाढलेत म्हणजे पोटात जंतच? रिपोर्ट असा वाचा

"ओ ताई, झीलाच्या पोटात जंत आसत काय?"

सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशी मोजण्याच्या तपासणीचा, कागद हातात पडला, त्यात इओसिनोफिल या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींच्या आकड्यापुढे बाण दिसला की काउंटरवर हा प्रश्न ठरलेलाच. पुढचं वाक्यही ठरलेलं: मग मेडिकलमधून गोळी आणून देऊ का? मी सिंधुदुर्गातल्या एका तालुक्याच्या गावात लॅबमध्ये काम करते. रक्त घेणं, स्लाइड बघणं, शौचाचे नमुने तपासणं हे माझं रोजचं काम. निदान करणं आणि औषध देणं डॉक्टरांचं. पण हा एक आकडा नीट वाचायला कुणालाही शिकता येतं. त्यासाठी पोटात जंत शिरल्यावर शरीर काय करतं ते थोडं ठाऊक हवं. ते ठाऊक नसलं की दोन्हीकडून फसायला होतं. आकडा वाढला म्हणून जंत नसलेल्या मुलाला गोळ्या दिल्या जातात, आणि आकडा बरोबर आहे म्हणून जंत असलेलं मूल तसंच राहतं.

आधी टक्के बाजूला ठेवा

रिपोर्टवर इओसिनोफिल टक्क्यांत छापलेले असतात. साधारण १ ते ६ टक्के नॉर्मल धरतात. पण हे टक्के एकूण पांढऱ्या पेशींपैकी. एकूण किती आहेत ते न बघता टक्क्यांवरून काही ठरत नाही. रिपोर्टवर टीएलसी किंवा डब्ल्यूबीसी नावाची ओळ असते, तो आकडा घ्या, इओसिनोफिलच्या टक्क्यांनी गुणा आणि शंभराने भागा. हा झाला एईसी, म्हणजे एक मायक्रोलिटर रक्तातले प्रत्यक्ष इओसिनोफिल. ५०० पर्यंत ठीक. ५०० ते १५०० म्हणजे थोडे वाढलेले, १५०० च्या वर गेले की डॉक्टर कपाळाला आठी घालतात, ५००० च्या वर म्हणजे बरेच जास्त.

आता बघा. टीएलसी ४५०० आणि इओसिनोफिल ८ टक्के: कागदावर बाण वरचा, पण हिशेब येतो ३६०. घाबरण्यासारखं काही नाही. दुसरा कागद, टीएलसी १४००० आणि इओसिनोफिल ६ टक्के: बाण नाही, आई खूश, आणि हिशेब येतो ८४०. हा खरा वाढलेला.

आणखी एक गोष्ट लॅबमध्ये विचारून घ्या: हे टक्के मशीनने काढलेत की स्लाइडवर मोजलेत? लहान लॅबमध्ये बऱ्याचदा थ्री-पार्ट, म्हणजे पांढऱ्या पेशींचे तीनच गट करणारं, मशीन असतं. ते इओसिनोफिल वेगळे मोजतच नाही, इतर पेशींच्या गटात टाकतं. अशा ठिकाणी स्लाइड रंगवून, मायक्रोस्कोपखाली शंभर पांढऱ्या पेशी मोजूनच टक्के काढायला हवेत. लिशमन स्टेन या रंगात इओसिनोफिल लपत नाही. केंद्रकाचे दोन भाग, मध्ये बारीक दुवा, चष्म्याच्या दोन काचा असाव्यात तसे, आणि भोवती खच्चून भरलेले भगवट लाल कण. दिवसभर निळ्या-जांभळ्या पेशी बघून डोळे थकलेले असताना असा एक दिसला की बरं वाटतं. रुग्णाला वाटावं असं त्यात काही नाही, पण सांगून टाकलं.

रिपोर्ट पुन्हा करायचा असेल तर शक्यतो त्याच वेळी करा. सकाळी शरीरातलं कॉर्टिसॉल हे संप्रेरक जास्त असल्याने इओसिनोफिल कमी भरतात, रात्री वाढतात. सकाळचा एक आणि संध्याकाळचा एक अशा दोन कागदांची तुलना करण्यात अर्थ नाही.

हे कण कुणासाठी भरलेले असतात

बॅक्टेरिया शरीरात शिरला की पांढरी पेशी त्याला गिळते आणि आत जिरवते. जंताच्या बाबतीत हे चालत नाही. गोलकृमीची मादी २० ते ३५ सेंटिमीटर लांब वाढते. तिला कुठली पेशी गिळणार? म्हणून आतड्यातल्या मोठ्या जंताशी शरीर मारामारी करण्याच्या भानगडीत फारसं पडत नाही. त्याला तिथे राहणं मुश्कील करून बाहेर ढकलायचं, हा त्याचा बेत असतो.

सुरुवात होते आतड्याच्या अस्तरातल्या टफ्ट पेशींपासून. अस्तरात शंभरात एखादी असेल नसेल, टोकाला केसांचा झुपका असलेली. ती नेमकं काय करते हे कितीतरी वर्षं कोडंच होतं. २०१६ मध्ये उंदरांवर काम करणाऱ्या तीन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं की जंत आल्याची खबर देणारी हीच. ती आयएल-२५ नावाचा रासायनिक निरोप सोडते. जंताने अस्तराला इजा केली असेल तर जखमी पेशी आयएल-३३ सोडतात. हे निरोप अस्तराखालच्या आयएलसी-२ नावाच्या पेशींना मिळतात, आणि त्या पुढचे दोन निरोप धाडतात. इथे जरा थांबून वाचा, कारण आपला रिपोर्ट इथूनच तयार होतो.

पहिला निरोप आयएल-१३. हा आतड्यातच काम करतो. अस्तराच्या मूळपेशींना तो सांगतो की टफ्ट पेशी आणि चिकट स्राव करणाऱ्या गॉब्लेट पेशी जास्त बनवा. स्राव वाढतो, त्यामुळे जंताला अस्तराला धरून राहणं अवघड जातं. अस्तराच्या पेशी नेहमीपेक्षा लवकर झडून नव्या येतात, म्हणजे जंत ज्याला चिकटला तेच सरकतं. आतड्याचे स्नायू जोराने आवळतात, पाणी सुटतं. पोटात कळा, मध्येच पातळ शौच, हा त्रास काही अंशी जंताचा आणि काही अंशी त्याला हाकलायच्या खटपटीचा असतो. शौचाबरोबर आपोआप पडलेला जंत दाखवायला लोक बाटलीत घालून आणतात. त्यातला एखादा तरी या खटपटीने पडलेला असणार, असं मला वाटतं.

दुसरा निरोप आयएल-५. हा थेट हाडांतल्या अस्थिमज्जेपर्यंत जातो आणि इओसिनोफिल बनवण्याचा वेग वाढवतो. बनलेले इओसिनोफिल रक्तात काही तासच राहतात, मग ऊतींमध्ये, विशेषतः आतड्याच्या भिंतीत, उतरतात. म्हणजे आपण बोटातून किंवा दंडातून रक्त घेऊन मोजतो ते फक्त वाटेवर असलेले.

आठवडा-दोन आठवड्यांत टीएच-२ नावाच्या टी पेशी हे काम हातात घेतात. आयएल-४ मुळे बी पेशी आयजीई नावाची अँटिबॉडी बनवू लागतात. ती मास्ट पेशींवर जाऊन बसते, आणि जंताचा अंश लागला की मास्ट पेशी फुटून हिस्टामिन वगैरे सोडतात. खाज, शिंका, दमा यात जी यंत्रणा दिसते तीच ही. म्हणून जंत आणि ऍलर्जी या दोघांचे रिपोर्ट एकमेकांसारखे दिसतात. नुसत्या एकूण आयजीईच्या तपासणीवर जंताचं निदान करू नये ते यासाठीच. ती तपासणी महाग आहे आणि या कामासाठी तिचा फारसा उपयोग होत नाही, असं माझं मत.

मग कण भरलेला इओसिनोफिल नक्की कुणावर तुटून पडतो? बारीक अळीवर. जंताची अळी जेव्हा आतडं सोडून रक्तातून, यकृतातून, फुप्फुसातून फिरत असते तेव्हा तिच्यावर अँटिबॉडी चिकटतात, अँटिबॉडीला धरून इओसिनोफिल चिकटतात आणि आपले विषारी कण तिच्या अंगावर रिकामे करतात. पोकळीत निवांत पडलेल्या मोठ्या जंतापर्यंत हे हत्यार फारसं पोचत नाही.

म्हणून इओसिनोफिलचा आकडा वाचताना "जंत आहे का" हा प्रश्न अर्धवट आहे. जंत आत्ता शरीरात कुठे आहे, हा प्रश्न विचारा.

तारीख लावून बघा

आमच्याकडचं उदाहरण घेते. जुलैत भातलावणी. पाय दिवसभर अनवाणी चिखलात. माडाच्या बागेतली सावलीतली ओली माती तर अंकुशकृमीच्या अळीला अगदी मानवते. उघड्यावर शौचाला बसलेल्या कुणाच्या शौचातून अंडी मातीत पडली की साधारण पाच-दहा दिवसांत अळी त्वचेतून शिरायला तयार होते. शिरते बहुधा बोटांच्या बेचक्यांतून. तिथे लाल पुळ्या आणि खाज उठते. पावसात चिखल्या सगळ्यांनाच होतात, त्यामुळे याकडे कुणी बघत नाही. अळी रक्तातून फुप्फुसात जाते, घशातून वर येते, गिळली जाते आणि मग आतड्यात स्थिरावते. शौचात अंडी दिसायला शिरल्यापासून पाच ते नऊ आठवडे लागतात.

आता ऑगस्टच्या मध्यावर त्या माणसाची सीबीसी केली तर? इओसिनोफिल १५००, २००० च्या घरात मिळू शकतात. डॉक्टर शौच तपासायला सांगतात. मी बघते, अंडं नाही. घरचे म्हणतात, लॅब चुकली. लॅब चुकलेली नसते. अळी अजून अंडी घालायच्या वयाचीच नाही. तोच माणूस सप्टेंबरअखेर आला तर स्लाइडवर पातळ, पारदर्शक कवचाची लंबगोल अंडी दिसतात, आत चार-आठ पेशींचा पुंजका. तोवर इओसिनोफिल थोडे खाली आलेले असतात, पण हिमोग्लोबिनही खाली आलेलं असतं, कारण प्रौढ अंकुशकृमी आतड्याला चावून रक्त पितो. एक जंत जातीप्रमाणे दिवसाला ०.०३ ते ०.२ मिलिलिटर रक्त घालवतो. एकट्याने काही होत नाही, पण शंभर-दोनशे असले की बाईमाणूस पांढरंफटक पडतं. म्हणून इओसिनोफिलबरोबर हिमोग्लोबिन आणि एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) या दोन ओळीही वाचा. एमसीव्ही ८० च्या खाली आणि हिमोग्लोबिन कमी, म्हणजे लोह कमी असण्याचा संशय. त्यात इओसिनोफिल वाढलेले आणि शेतात अनवाणी काम, ही जोडगोळी डॉक्टरांना आवर्जून सांगा.

गोलकृमीचा हिशेब वेगळा. त्याची अंडी न धुतलेल्या भाजीतून, मातीच्या हातांतून पोटात जातात. अळी आतड्यात बाहेर पडते, भिंत भेदून यकृतातून फुप्फुसात जाते, तिथे दहा-चौदा दिवस काढते आणि गिळली जाऊन परत आतड्यात येते. अंडी दिसायला दोन ते तीन महिने. फुप्फुसाच्या मुक्कामात खोकला, घरघर, एक्स-रेवर येऊन जाऊन राहणारे डाग आणि इओसिनोफिलची उसळी. स्वित्झर्लंडच्या डॉ. विल्हेल्म लॉफ्लर यांनी १९३२ मध्ये हे डाग वर्णन केले, म्हणून लॉफ्लर सिंड्रोम. जपानच्या कोइनो यांनी तर १९२२ मध्ये स्वतः दोन हजार अंडी गिळून आपल्याच थुंकीत अळ्या शोधल्या होत्या. आणि एकदा का जंत आतड्याच्या पोकळीत मोठा होऊन बसला, दिवसाला दोन लाखांच्या आसपास अंडी घालू लागला, की रक्तातले इओसिनोफिल बऱ्याचदा नॉर्मल.

सुतासारखे बारीक पांढरे जंत, ज्यांनी मुलांना रात्री गुदद्वाराशी खाज येते, ते रक्तात शिरतच नाहीत. त्यांचा इओसिनोफिलशी बहुधा संबंध नाही, आणि शौचाच्या तपासणीतही ते क्वचितच सापडतात, कारण मादी अंडी बाहेर, त्वचेवर घालते. याला सीबीसी करू नका. पहाटे, मूल उठून धुण्याआधी, पारदर्शक सेलोटेपचा तुकडा गुदद्वाराच्या कडेला दाबा, काचेच्या स्लाइडवर चिकटवा आणि आणून द्या. स्लाइड आम्ही फुकट देतो. दुसरी लॅबही देईल, मागून बघा.

शौचाचा नमुना असा द्या

कोरडी, रुंद तोंडाची डबी. औषधाच्या दुकानात मिळते. लघवी किंवा पाणी त्यात मिसळू देऊ नका, संडासच्या भांड्यातून उचलू नका. आव किंवा रक्त दिसलं तर तोच भाग घ्या. तास-दोन तासांत आणा. रात्रीची डबी सकाळी आणली तर आमच्या हवेत अंकुशकृमीची अंडी फुटून अळ्या निघतात आणि त्या दुसऱ्याच कुठल्या जंताच्या आहेत की काय, अशी शंका येते. एका नमुन्यावर "जंत नाही" असं म्हणू नये. एक दिवसाआड तीन द्या. अंडी रोज सारखी पडत नाहीत.

अंडी नाहीत, पण स्लाइडवर दोन्ही टोकांना निमुळते, टोकदार, रंगहीन स्फटिक दिसले तर मी ते रिपोर्टमध्ये लिहिते. शार्को-लायडन स्फटिक म्हणतात त्यांना, फुटलेल्या इओसिनोफिलमधून बनतात. आतड्याच्या भिंतीत इओसिनोफिल लढून गेले त्याचा हा पुरावा. अमिबाच्या आवेतही ते दिसतात, त्यामुळे एकट्या त्यांच्यावर जंताचा शिक्का मारता येत नाही.

आकडा वाढलाय, जंत नाही

असं पुष्कळदा असतं. दमा, सर्दीची ऍलर्जी, खरजेसारखे त्वचारोग, नुकतंच सुरू केलेलं एखादं औषध. विदर्भात, गडचिरोली-चंद्रपूर-भंडारा भागात राहिलेला माणूस, रात्रीचा कोरडा खोकला आणि एईसी ३००० च्या वर, असा कागद आला तर आतड्यातल्या जंतांपेक्षा हत्तीरोगाच्या कृमीमुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराचा विचार आधी करतात. त्याचं औषध वेगळं. जंताची गोळी खाऊन वाट बघत बसू नका.

उलटही खरं. वर्षानुवर्षं जंत असलेल्या माणसात आकडा फार चढत नाही. जंतही गप्प बसलेला नसतो. त्याच्या स्रावांमुळे आवर घालणाऱ्या नियामक टी पेशी वाढतात, आयएल-१० आणि टीजीएफ-बीटा हे शांत करणारे निरोप सुटतात आणि शरीराचा जोर मंदावतो. म्हणूनच काही जंत वर्ष-दोन वर्षं, अंकुशकृमी तर त्याहून जास्त, आत राहू शकतात. मुंबईहून सुट्टीला आलेल्या नातवाचे इओसिनोफिल गावच्या आजोबांपेक्षा जास्त चढतात, ते याचमुळे. जंत शरीराला शांत ठेवतो तर ऍलर्जीला तो बरा, असं कुणीतरी मोबाइलवर वाचून विचारतं. मुद्दाम अंकुशकृमी देऊन दम्यावर प्रयोग झालेत, खात्रीचा फायदा दिसला नाही. रक्त मात्र जातं.

स्टिरॉइड सुरू असेल तर थांबा

हा भाग घाईत वाचू नका. स्टिरॉइडच्या गोळ्या इओसिनोफिल झपाट्याने उतरवतात. दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी प्रेडनिसोलोन घेणाऱ्याचा आकडा शून्य-एक टक्का आला तर त्यावरून जंत नाही असं समजू नये. त्यातही स्ट्राँगिलॉइड्स नावाचा एक बारीक जंत आहे, तोही मातीतून त्वचेवाटे शिरतो. इतर जंतांसारखी त्याची अंडी बाहेर पडून संपत नाहीत. अळ्या आतल्या आत पुन्हा शिरतात, आणि माणूस गाव सोडून दहा-वीस वर्षं झाली तरी तो पोटात असतो. इओसिनोफिल आणि बाकीची फौज त्याला ताब्यात ठेवते. ती फौज स्टिरॉइडने दबली की अळ्या भराभर वाढून फुप्फुसांत, रक्तात पसरतात आणि माणूस दगावू शकतो. कुणाला मोठ्या डोसमध्ये स्टिरॉइड सुरू करायचं असेल, जुन्या कागदावर इओसिनोफिल विनाकारण वाढलेले असतील, शेतीत अनवाणी काम केलेलं असेल, तर तो जुना कागद डॉक्टरांच्या पुढ्यात ठेवा. याचं नेहमीचं औषध आयव्हरमेक्टिन आहे, अल्बेंडाझोल या जंताच्या नेहमीच्या औषधाची एक गोळी पुरत नाही.

गोळी घेतल्यावर

शाळा-अंगणवाडीत १० फेब्रुवारीला आणि जिथे दुसरी फेरी असते तिथे ऑगस्टमध्ये जी गोळी देतात ती अल्बेंडाझोल, ४०० मिलिग्रॅम. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी. चावून खायची. ही मोहीम २०१५ पासून चालू आहे, एक ते एकोणीस वर्षांच्या सगळ्यांसाठी, तपासणी न करता. फेब्रुवारीत गोळी घेतली मग पुन्हा जंत कसे झाले, असं विचारणाऱ्यांना सांगते: एकदा गोवर येऊन गेला की पुन्हा येत नाही, तसं जंतांचं नाही. त्यांच्याविरुद्ध तयार होणारी प्रतिकारशक्ती अर्धीमुर्धी असते. माती तीच, हात तेच, तर जंत परत येणार. शिवाय गोळी आतड्यातल्या मोठ्या जंतांना मारते. त्या दिवशी फुप्फुसात असलेली अळी बहुधा सुटते आणि नंतर खाली उतरते. चाबूककृमीवर एका गोळीचा परिणाम मुळातच कमी.

वावडिंगाचं पाणी आमच्याकडे अजून देतात. द्यायचं तर द्या, पण त्याच्या भरवशावर शौचाची तपासणी टाळू नका. आणि गोड खाल्ल्याने जंत होत नाहीत, मुलाचा लाडू काढून घेऊ नका. गरोदर बाईने पहिल्या तीन महिन्यांत अल्बेंडाझोल घ्यायचं नाही, हे मात्र पाळा.

गोळीनंतर चार दिवसांनी सीबीसी करायला येऊ नका. मरणाऱ्या जंतांमुळे काही वेळा आकडा आधी थोडा वर जातो, मग आठवड्या-आठवड्याने उतरतो. महिना-दीड महिन्याने या, त्याच वेळेला, शक्यतो त्याच लॅबमध्ये. तरीही ५०० च्या खाली आला नसेल तर पुन्हा तीच गोळी आणायला दुकानात जाऊ नका, डॉक्टरांकडे जा. जाताना एका चिठ्ठीवर लिहून न्या: दोन्ही वेळचा एईसी, हिमोग्लोबिन, चालू असलेली सगळी औषधं, ऍलर्जी, खोकला कधी सुरू झाला, आणि शेवटचं अनवाणी शेतात कधी उतरलात.